शेगडी तीच, पण डबा हाताशी

"मावशी, पाटल्या ठेवाव्यात म्हणते मी."

रात्री साडेअकराला सांगलीहून भाचीचा फोन आणि पहिलंच वाक्य हे! डिसेंबर २०२० मधली गोष्ट. पाटल्या ठेवायच्या म्हणजे कुठे ठेवायच्या, हे आपल्याकडे कुणा बाईला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, "अगं, कुणी आजारी आहे का? घरात काही झालं का?" तर म्हणाली, "नाही गं. कॉम्प्युटर मरायला टेकलाय."

मला आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. कारण त्या घरात कॉम्प्युटर म्हणजे करमणूक नाही, ती चूल आहे. जावई लग्नाचं शूटिंग करतात आणि भाची घरी बसून मिक्सिंग करते. तुमच्याआमच्या घरच्या लग्नाचा जो व्हिडिओ आपण पाहतो ना, गाणी लावलेला, हळदीपासून पाठवणीपर्यंत ओळीनं आणलेला, तो असा कुणीतरी रात्र रात्र बसून जोडलेला असतो. शूटिंगवाल्याला सगळे ओळखतात. त्याला पहिल्या पंगतीला बसवतात, "दादा, आमचा एक फोटो घ्या" म्हणतात. पण त्याच्या घरात मागच्या खोलीत बसून आत्याबाईंच्या रुसव्याची क्लिप कोण अलगद काढून टाकतं, ते कुणाला माहीत नसतं.

तसं हे आजचं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या चित्रपटाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, ती रसायनात धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं! शिवाय एवढ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच देखरेखीखाली. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजांनी 'जाने भी दो यारो'सारखे चित्रपट संकलित केले, तेव्हा संकलन हे बाईचंही काम आहे, हे नावासकट पडद्यावर दिसलं. असो. मी भाचीच्या पाटल्यांवर येते.

तिची तक्रार अशी होती. कॉम्प्युटर २०१५ मध्ये लग्न झाल्यावर जावयांनी घेतलेला. तेव्हा तो चांगला पळायचा. पण तेव्हा लग्नात एकच कॅमेरा असायचा. आता आपल्याकडे लग्न म्हणजे काय झालंय ते तुम्ही पाहताच. दोन कॅमेरे, वर घोंघावणारा ड्रोन, प्री-वेडिंग वेगळं, हायलाइट वेगळं, शिवाय मोबाइलवर स्टेटसला ठेवायला तीस सेकंदांचं वेगळं. एका लग्नाचं फुटेज दीडशे-दोनशे जीबी होतं. ते सगळं त्या म्हाताऱ्या यंत्रानं ओढायचं.

"मावशी, सकाळी बटण दाबते आणि कुकर लावते. तीन शिट्ट्या होतात, कुकर उतरतो, तरी पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत असतं. प्रोजेक्ट उघडायला आणखी दहा मिनिटं. आणि तीन कॅमेरे एकावर एक लावून मंगलाष्टकं जोडायला घेतली, की हँग! नवरी अक्षता पडायच्या आधीच थिजून उभी."

लेकरू तेव्हा अडीच वर्षांचं. ते झोपलं की हिचं काम सुरू. नऊ वाजता बसायची, त्यातला अर्धा वेळ थांबण्यात जायचा. एक लग्न संपवायला नऊ रात्री लागायच्या. उशीर झाला की गिऱ्हाईक उरलेले पैसे द्यायला खळखळ करतं. "आता पोरगी माहेरपणाला येऊन गेली, तरी तुमची पेन ड्राइव्ह येईना," असं तोंडावर ऐकवतं. त्यात २०२० चा लॉकडाऊन. सगळा हंगाम बुडालेला. तुळशीच्या लग्नानंतर पन्नास माणसांत का होईना, लग्नं सुरू झाली होती आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटरनं दगा दिला. दुकानदारानं नवीन यंत्राचा आकडा सांगितला, पंच्याण्णव हजार. म्हणून पाटल्या.

मी म्हटलं, "थांब. दोन दिवस थांब. पाटल्या कुठे पळून जात नाहीत."

आता मी कला शाखेची पदवीधर. कॉम्प्युटरमधलं मला काय कळणार? पण साताऱ्यात आमच्या बचत गटांचं एक छोटं कार्यालय आहे. तिथे देणगीत मिळालेला कॉम्प्युटर होता, तोही असाच. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की आमच्या हिशेब लिहिणाऱ्या ताई तोवर वहीतच नोंदी करून मोकळ्या व्हायच्या. आम्ही तो भंगारात काढायला निघालो होतो. दुरुस्तीवाला मुलगा आला, त्यानं डबा उघडला आणि म्हणाला, "काकू, याचं बाकी सगळं धड आहे. हार्ड डिस्क म्हातारी झालीय. एसएसडी टाका." टाकली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि ताई खुर्ची ओढेपर्यंत पडदा हजर! मला वाटलं, यानं काहीतरी हातचलाखी केली. म्हणून मी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हटलं, आता मला नीट सांग.

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्याच्या भाषेत मला पहिल्यांदा काहीच कळलं नव्हतं.

कॉम्प्युटर म्हणजे स्वयंपाकघर समजा. प्रोसेसर म्हणजे शेगडी. रॅम म्हणजे ओटा, ज्यावर आपण चिरलेलं, निवडलेलं पसरून ठेवतो. आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. सगळं सामान तिथे. फोडणी टाकायची, की मोहरीसाठी शिडी लावून माळ्यावर चढा. जिऱ्यासाठी परत चढा. हळदीसाठी परत! तेल तोवर जळून जाईल. शेगडी कितीही मोठी आणा, बाई शिडीवरच असेल तर भाजी होणार कशी? एसएसडी म्हणजे मिसळणाचा डबा. झाकण काढलं की सातही वाट्या डोळ्यांसमोर.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. हार्ड डिस्कच्या आत खरोखरच एक चकचकीत तबकडी असते, जुन्या रेकॉर्ड प्लेअरसारखी. ती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, लॅपटॉपमधली बहुतेकदा ५४००. तिच्यावरून एक बारीक दांडी सरकते आणि हवी ती माहिती शोधते. दांडी योग्य जागी जाणार, मग तबकडीचा तो भाग फिरत तिच्याखाली येणार, मग वाचणार. यात एका वेळी सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला हे काहीच नाही. पण तीन कॅमेऱ्यांची तीन चित्रं एकाच वेळी चालवायची म्हणजे ती दांडी नुसती इकडून तिकडे धावत राहते. पहिल्या कॅमेऱ्याचं थोडं, दुसऱ्याचं थोडं, तिसऱ्याचं थोडं, परत पहिल्याचं. शिवाय आवाज वेगळा, गाणं वेगळं. नवरी थिजून उभी राहते ती यामुळे. शूटिंगचा दोष नसतो, सॉफ्टवेअरचा तर नसतोच नसतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. पेन ड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची चिप, पण कितीतरी तयारीची. शोधायला लागणारा वेळ हार्ड डिस्कच्या शंभराव्या हिश्शाइतका. वेग पाहाल तर साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दीडशे एमबी वाचते, जुन्या कॉम्प्युटरला बसणारी एसएसडी पाचशेच्या वर. नव्या कॉम्प्युटरात च्युइंगमच्या पट्टीएवढी एक जात बसते, एनव्हीएमई म्हणतात तिला. ती तर तीन हजार, काही सात हजारांच्याही पुढे जातात. पण जुन्या बोर्डाला ती बसेलच असं नाही, म्हणून घ्यायच्या आधी विचारायचं.

या चिपच्या नावाची एक गंमत मला फार आवडली. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका नावाच्या जपानी अभियंत्यानं १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली. तिच्यातली माहिती एका झटक्यात पुसली जायची. ते पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं, फ्लॅश मेमरी! म्हणजे शूटिंगवाल्यांशी तिचं नातं नावातच आहे. आणि हार्ड डिस्क तिच्याहून जुनी, १९५६ सालची. आयबीएम कंपनीची ती पहिली डिस्क कपाटाएवढी होती, पन्नास तबकड्यांची, वजन टनाच्या घरात आणि मावायचं किती? पाच एमबी. आपल्या मोबाइलमधला एक फोटो!

तर हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. तिचा विश्वास बसेना. जावयांचा तर नाहीच. "साडेचार हजारांत होत असतं तर दुकानदार पंच्याण्णव हजार कशाला सांगेल?" हा त्यांचा प्रश्न. मी काही उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी एसटी पकडली आणि कराडवरून सांगली गाठली.

सांगलीतला दुरुस्तीवाला बोलावला होता. त्यानं ५०० जीबीची एसएसडी आणली होती. पत्त्याच्या कॅटाएवढी आणि हातात घेतली तर त्याहून हलकी. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याचे साडेचार हजार? रिकामी आहे का काय आतून?" त्या पोरानं डबा उघडला. आतून धुळीचा असा लोंढा निघाला, की बाईनं आधी केरसुणीच आणली. दोन वायरी जोडायच्या, एक माहितीची, एक विजेची. चार स्क्रू. एवढंच काम. वेळ लागला तो विंडोज आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकायला, दुपारचे तीन तास. जुनी हार्ड डिस्क त्यानं काढून टाकली नाही, आतच ठेवली. तिच्यात संपलेली कामं राहतील, चालू काम एसएसडीवर.

संध्याकाळी भाचीनं कुकर लावला, मुद्दाम. बटण दाबलं. शिट्टी दूरच राहिली, कुकरला वाफ धरायच्या आत पडदा आला. मग तिनं ते तीन कॅमेऱ्यांचं लग्न उघडलं. मंगलाष्टकं. कॅमेरा एक, दोन, ड्रोन, परत एक. नवरी थिजली नाही. अक्षता पडल्या! जावई काही बोलले नाहीत. उठून चहा टाकायला गेले. हे मी मुद्दाम लिहितेय.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. दोन दिवसांनी परत फोन. आवाजात रडं. "मावशी, फसलो आपण. रेंडरला तेवढाच वेळ लागतोय!"

रेंडर म्हणजे सगळं जोडून झाल्यावर कॉम्प्युटरकडून अखेरचा एकसंध व्हिडिओ तयार करून घेणं. त्यालाच तर तास तास लागतात. माझाही जीव कासावीस झाला. मी आमच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्हीच तर शेगडी आणि डबा म्हणालात. रेंडर म्हणजे शिजणं आहे. पुरण शिजायला लागतो तेवढा वेळ लागणारच. शेगडी तीच आहे ना?"

हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. दुकानात कुणी "एसएसडी टाका, सगळं दहापट पळेल" म्हणालं तर समजा, तो विकतोय. एसएसडीनं काय पळतं? कॉम्प्युटर चालू होणं, सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट उघडणं, शेकडो क्लिपांची चित्रं पटकन दिसणं, पुढे-मागे सरकवून पाहणं, दोन-तीन कॅमेरे एकत्र चालवणं. म्हणजे बाई समोर बसलेली असताना जे जे होतं, ते. काय फारसं पळत नाही? रेंडर. ते प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डचं काम. पण रेंडरच्या वेळी बाईला समोर बसावं लागत नाही. लावून झोपता येतं!

भाचीला मी म्हटलं, एक काम कर, वहीत लिही. किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस. तिनं लिहिलं. चौथं लग्न हातावेगळं झालं तेव्हा हिशेब असा होता, की नऊ रात्रींचं काम पाच रात्रींत होत होतं. चार रात्रींची झोप किती रुपयांची असते, ते कुठल्या दुकानात सांगत नाहीत. आणि पाटल्या हातात राहिल्या.

वही लिहिताना आणखी एक भानगड सापडली. कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायला एसएसडी टाकूनही अर्धा तास लागायचा. चोर होता शंभर रुपयांचा जुना कार्ड रीडर! तो सेकंदाला तीसेक एमबीच सोडायचा. नव्या जातीचा, निळ्या तोंडाच्या पोर्टला लावायचा रीडर आणला आणि ६४ जीबीचं कार्ड बारा-पंधरा मिनिटांत रिकामं व्हायला लागलं. मोरीचं तोंड बारीक असेल, तर हौद कितीही मोठा बांधा.

मोबाइलवर काढलेल्या फोर-के व्हिडिओचंही असंच. पाहुण्यांनी पाठवलेल्या तसल्या क्लिपा तिच्याकडे एसएसडी असूनही अडखळायच्या. त्या इतक्या घट्ट दाबून भरलेल्या असतात, की उलगडतानाच जुन्या प्रोसेसरला घाम फुटतो. त्यावर उपाय म्हणजे आधी हलकी प्रत करून घ्यायची, प्रॉक्सी म्हणतात तिला. काम हलक्या प्रतीवर करायचं आणि शेवटच्या रेंडरला मूळ क्लिप आपोआप घेतली जाते. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, पण तिला कुणी सांगितलेलीच नव्हती. लॅपटॉप असेल तर त्यातली हार्ड डिस्क काढून तिथेच एसएसडी बसते. जुन्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा असेल तर त्यात जुनी हार्ड डिस्क सरकवायची चौकटही मिळते. आणि रॅम चार जीबीच असेल तर आधी ती आठ करा. ओटाच वीतभर असला तर डबा ठेवणार कुठे?

मैत्रिणींनो, हे सगळं फक्त लग्नाच्या शूटिंगवाल्यांसाठी सांगतेय असं समजू नका. आमच्या सातारा जिल्ह्यातच म्हसवडला माणदेशी महिलांचं सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून सुरू झालं. तिथे माणदेशातल्या बाया माइकसमोर बोलल्या, ओव्या गायल्या. साताऱ्याकडच्याच पोरांनी 'गावाकडच्या गोष्टी' नावाची वेब मालिका काढली आणि ती महाराष्ट्रभर मोबाइलवर पाहिली गेली. सांगली तर नाट्यपंढरीच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तिथपासूनची. आता आमच्या गटातल्या दोघी-तिघी झुणका-भाकरीचे, गोधडीचे व्हिडिओ टाकतात. त्यांच्या घरात मुलाचा जुना, कुणी वापरत नाही असा कॉम्प्युटर पडलेला असतो आणि "तो चालत नाही हो" म्हणून त्या मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बोटं दुखेपर्यंत कापत बसतात. भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा डबा उघडून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

आता जरा भीतीचं सांगते. हार्ड डिस्क मरताना कुरकुरते. कट्कट् आवाज येतो, बाई सावध होते. एसएसडी मरताना बहुधा काही बोलत नाही. संध्याकाळपर्यंत चांगली, सकाळी गेलेली. तिच्यावरून पुसलेलं परत मिळवणंही फार अवघड, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच पुढे साफ करून टाकते. वीज अचानक गेली तर लिहीत असलेलं बिघडू शकतं, म्हणून यूपीएस हवाच. ती काठोकाठ भरायची नाही, पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा. डिफ्रॅग करायचं नाही. किती लिहिता येईल याला मर्यादा असते आणि ती खोक्यावर किंवा माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू म्हणून दिलेली असते. घरगुती मिक्सिंगला ती सहसा पुरून उरते. पण अनोळखी नावाची, फार स्वस्त, बिल न देणारी घ्याल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. भाव सोन्यासारखे वर-खाली होतात, तेव्हा दोन दुकानांत विचारा. पण बिल आणि वॉरंटी घ्याच.

आणि एसएसडी ही सांभाळून ठेवण्याची वस्तू नाही. विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती बनलेलीच नाही. मिसळणाच्या डब्यात कुणी वर्षाचं तिखट भरून ठेवत नाही ना? त्याला बरणीच लागते. संपलेली कामं मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि एकावर नाही, दोन डिस्कवर. त्या दोन्ही एका घरात नकोत.

एका घरात का नकोत, हे सांगलीकरणींना मी काय सांगू? ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. भाचीचं घर गावभागात. त्यांनी कॉम्प्युटर माळ्यावर चढवला, लेकराला छातीशी धरलं आणि बोटीतून बाहेर पडले. कॉटखालच्या ट्रंकेतल्या हार्ड डिस्क राहिल्या. परत आले तेव्हा ट्रंक उघडली तर आत गाळ. चौदा लग्नं त्या गाळात गेली. जावयांनी एक डिस्क उन्हात वाळवून जोडूनही पाहिली. तसं कधी करायचं नसतं, हे नंतर कळलं. ओली डिस्क वीज न देता तशीच जाणकाराकडे न्यायची असते. त्या दुरुस्तीचा खर्च तेव्हा यांना झेपणाराही नव्हता.

त्या चौदांत एक लग्न असं होतं, की ज्या मुलीचं होतं तिचे वडील वर्षभरात गेले. तिच्या घरातही पाणी शिरलेलं, अल्बम आणि पेन ड्राइव्ह दोन्ही गेले. ती दिवाळीच्या सुमारास भाचीकडे आली. "ताई, तुमच्याकडे असेल ना?" भाचीनं मान हलवली. मला हे सांगताना ती म्हणाली होती, "मावशी, पैसे बुडाले त्याचं एवढं नाही गं. तिनं चप्पल घालताना मागे वळून पाहिलं ना..."

त्यानंतर भाचीनं एक नेम केला. संपलेल्या कामांची दुसरी डिस्क माहेरी, साताऱ्याला. माझ्या बहिणीच्या कपाटात, पैठणीच्या खालच्या कप्प्यात. भाऊबीजेला आणि संक्रांतीला येते तेव्हा भरलेली घेऊन येते. कृष्णामाई आमच्याकडून, संगम माहुलीवरून, कराडवरून तिच्याकडे जाते. डिस्क उलट वाटेनं आमच्याकडे येते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा एसएसडीवालं यंत्र शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर होतं आणि डिस्क इथे कोरड्या. पाणी उतरल्यावर आठवड्यात तिचं काम सुरू झालं.

मागच्या भाऊबीजेला ती आली होती. कपाट आवरताना माझ्या बहिणीनं एक जुनी डिस्क पुढे केली. "ही कुणाची गं?" ती भाचीच्या भावाची निघाली. कधीकाळी सिनेमे घेण्यासाठी ताईची डिस्क मागून नेली आणि परत द्यायची विसरला, भाऊच तो. भाची ती सांगलीला घेऊन गेली. सिनेमांच्या ढिगात एक फोल्डर होतं. त्यात गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायला ठेवलेले हायलाइट. सहा-सात लग्नांचे, चार-चार मिनिटांचे. त्यात ते एक होतं.

तिनं त्या मुलीला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली, आईला घेऊन. चार मिनिटांच्या त्या व्हिडिओत वडील नऊ सेकंद आहेत. फेट्याचं टोक सावरतात, अक्षता टाकतात, कुणाकडे तरी पाहून हसतात. बस.

आई म्हणाली, "जरा मागं घ्या ना." भाचीनं घेतलं. "अजून एकदा." परत घेतलं. "हळू होईल का थोडं?" हळू केलं. भाची सांगत होती, पंधरा-वीस वेळा तरी मागे घेतलं असेल. ते टाकले त्या अक्षता पुन्हा हातात येत, पुन्हा टाकत. आणि मावशी, म्हणाली, एकदाही हँग झालं नाही.